शहाण्यांची चाळणी

२०२४ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. अमेरिकेतल्या निवडणुकीचा निकाल लागत होता. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ज्या टीव्हीवर एरवी क्रिकेट चालतं, त्यावर त्या दुपारी लाल-निळा नकाशा होता. टीममधला एक सीनियर, दोन वर्षं डॅलसला राहून आलेला, आम्हाला २७० चा आकडा समजावून सांगत होता. मग त्याची गाडी नेहमीच्या स्टेशनवर आली.

"बघा, तिकडच्या फाउंडिंग फादर्सनी सगळा विचार आधीच करून ठेवला होता. पब्लिकच्या हातात डायरेक्ट काही द्यायचंच नाही. मध्ये शहाण्या माणसांची चाळणी लावायची. आणि आपल्याकडे? पाचशेची नोट आणि मटणाचं जेवण. मत द्यायला निदान ग्रॅज्युएशनची तरी अट पाहिजे."

त्याच्यासमोर आम्ही पाच जण होतो. चार माना डोलल्या. मी मान डोलावली नाही, पण तोंडही उघडलं नाही. कारण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला वादविवाद स्पर्धेत नेमकं हेच बोलून मी दुसरं बक्षीस आणलं होतं. ते सर्टिफिकेट घेऊन गावी गेलो तेव्हा आजीने विचारलं, कशाबद्दल मिळालं रे? मी म्हटलं, शिकलेल्या लोकांनीच मतदान करावं, असं मी पटवून दिलं. आजी कधी शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "मग माझं मत कोन देनार? तू?" घरातले सगळे हसले. मीही हसलो.

कँटीनमधल्या त्या दुपारनंतर मी वाचायला बसलो. महिनाभर रात्रीचं वेबसिरीज पाहणं सोडून अमेरिकेच्या पहिल्या काही निवडणुका वाचल्या. जे हाती लागलं ते आधीच सांगून टाकतो. शहाण्यांच्या चाळणीची ही गोष्ट खोटी आहे. इलेक्टोरल कॉलेज ही थकलेल्या माणसांनी शेवटच्या दिवसांत जुळवलेली तडजोड होती. चाळणी म्हणून ती पहिल्या बारा वर्षांतच निकामी झाली. एक काम मात्र तिने इमानेइतबारे केलं. ज्यांना मत नव्हतं त्यांची डोकी मोजून त्यांच्या मालकांचं मत जड केलं.

फिलाडेल्फियातला उन्हाळा

१७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला माणसं जमली. उन्हाळाभरात एकूण ५५ जण येऊन-जाऊन होते, शेवटी सह्या केल्या ३९ जणांनी. चर्चा गुप्त होती. राष्ट्राध्यक्ष निवडायचा कसा, याचं तयार उत्तर कुणाकडेच नव्हतं. निवडून येणाऱ्या राज्यप्रमुखाचं जवळचं उदाहरण म्हणजे पोलंडचे राजे, आणि तिथली परकीय लुडबुड पाहून सगळेच धास्तावलेले.

पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन सुरुवातीलाच म्हणाले होते की थेट लोकांनाच निवडू द्या. १७ जुलैला त्यावर मतदान झालं. एक राज्य बाजूने, नऊ विरोधात. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांचं म्हणणं असं की हे काम लोकांवर सोपवणं म्हणजे आंधळ्याला रंग पारखायला सांगण्यासारखं आहे. देश एवढा पसरलेला, लांबच्या उमेदवाराची पारख सामान्य माणूस करणार कशी?

इथपर्यंत आमच्या सीनियरचं बरोबर वाटतं. पुढे बघा.

लोक नकोत, तर काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, निवडावं असं ठरलं. दोन दिवसांनी ते बदललं आणि इलेक्टर आले. आठवड्याभरात पुन्हा काँग्रेस. काँग्रेसच्या सदस्यांमधून चिठ्ठ्या टाकून इलेक्टर काढावेत अशीही एक सूचना आली, आणि ती केली खुद्द विल्सन यांनी. ऑगस्ट संपला तरी उत्तर नाही. ३१ तारखेला उरलेली कामं ११ जणांच्या समितीच्या गळ्यात टाकली गेली. ४ सप्टेंबरला समितीने इलेक्टरची योजना मांडली, १७ सप्टेंबरला सह्या झाल्या आणि मंडळी आपापल्या घरी गेली.

शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून घरी पळालेल्या कुणालाही ही परिस्थिती ओळखीची वाटेल. आणि हा माझा आरोप नाही. घटनेचे मुख्य शिल्पकार मानले जाणारे जेम्स मॅडिसन यांनी १८२३ साली एका पत्रात कबूल केलंय की ही तरतूद अधिवेशनाच्या अगदी शेवटी ठरली, आणि थकवा आणि घाई यांचा थोडाफार परिणाम तिच्यावर झालाच.

योजना अशी होती. प्रत्येक राज्याला त्याचे प्रतिनिधी अधिक दोन सिनेटर इतके इलेक्टर. ते कसे निवडायचे हे त्या राज्याचं विधिमंडळ ठरवणार. इलेक्टर आपापल्या राज्यात जमणार आणि प्रत्येक जण दोन नावं लिहिणार, त्यातलं निदान एक बाहेरच्या राज्यातलं. ज्याला सर्वाधिक मतं आणि बहुमत, तो अध्यक्ष. दुसरा आला तो उपाध्यक्ष. बहुमत नसेल किंवा बरोबरी झाली तर प्रतिनिधीगृह निवडणार, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत.

हे इलेक्टर अंतिम निर्णय घेतील असं सभागृहातल्या सगळ्यांना वाटत होतं का? नाही. मेसन यांचा अंदाज होता की वीसपैकी एकोणीस वेळा कुणालाच बहुमत मिळणार नाही आणि निवड शेवटी सिनेटकडे जाईल. (समितीच्या मसुद्यात सिनेट होतं, दोन दिवसांनी तिथे प्रतिनिधीगृह आलं.)

मग चाळणीची गोष्ट आली कुठून? मार्च १७८८ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात टोपणनावाने एक लेख लिहिला. इलेक्टर म्हणजे पारख असलेली मोजकी माणसं, ती शांत डोक्याने विचार करतील, अशी मांडणी त्यात आहे. आज जो तो तोच लेख दाखवतो. पण तो लेख होता कशासाठी? न्यूयॉर्कने नवी घटना मंजूर करावी म्हणून. थोडक्यात, तो प्रचार होता. प्रॉडक्टचं ब्रोशर वाचून आतला कोड कसा आहे हे आपण ठरवत नाही.

व्हर्जिनियाचं गणित

आता त्या भागाकडे येऊ, जो आमच्या कँटीनमध्ये कुणालाच माहीत नव्हता. मलाही नव्हता.

१९ जुलै १७८७ ला मॅडिसन यांनी सभागृहात एक अडचण मांडली. तत्त्व म्हणून लोकांनी अध्यक्ष निवडणं त्यांना योग्यच वाटत होतं. पण उत्तरेकडे मतदानाचा हक्क जास्त लोकांना होता आणि दक्षिणेत गुलाम मत देऊ शकत नव्हते, त्यामुळे थेट निवडणुकीत दक्षिणेचा काही प्रभाव पडणार नाही, असं ते म्हणाले. इलेक्टर नेमले की ही अडचण सुटते.

कशी सुटते? प्रतिनिधीगृहातल्या जागा ठरवताना राज्यातले मुक्त लोक पूर्ण मोजायचे आणि गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची, ही तडजोड तोवर झालीच होती. इलेक्टरची संख्या प्रतिनिधींवर बेतली की तोच हिशेब अध्यक्षाच्या निवडणुकीत आपोआप शिरतो. थेट मतदानात गुलामाचं वजन शून्य असतं. इलेक्टरच्या पद्धतीत ते तीन-पंचमांश होतं, आणि ते पडतं मालकाच्या पारड्यात.

एका रविवारी मी १७९० च्या जनगणनेचे आकडे एक्सेलमध्ये टाकले. व्हर्जिनियाची लोकसंख्या ७,४७,६१०, त्यात २,९२,६२७ गुलाम. म्हणजे मुक्त लोक ४,५४,९८३. पेनसिल्व्हेनियाची लोकसंख्या ४,३४,३७३, त्यात गुलाम ३,७३७. म्हणजे मुक्त लोक ४,३०,६३६. दोन्ही राज्यांतले मुक्त लोक जवळपास सारखेच. त्या दशकात ३३,००० लोकांमागे एक प्रतिनिधी असं प्रमाण होतं आणि उरलेला अपूर्णांक सोडून देत. फक्त मुक्त लोक धरले तर दोन्ही राज्यांना प्रत्येकी १३ जागा येतात. गुलामांचे तीन-पंचमांश मिळवले की पेनसिल्व्हेनिया १३ वरच राहतं आणि व्हर्जिनिया १९ वर जातं. दोन सिनेटर धरून इलेक्टर झाले १५ आणि २१.

सहा जादा इलेक्टर. ज्या पावणेतीन लाखांहून जास्त माणसांच्या नावावर ते आले, त्यांना स्वतःच्या पोटच्या पोरावरही हक्क नव्हता.

मराठी माणसाला तिकडच्या गुलामगिरीशी काय देणंघेणं, असं कुणी म्हणू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामगिरी नाहीशी करणाऱ्या अमेरिकी लोकांनाच. आपल्याकडे हा धागा दीडशे वर्षांपूर्वीच जोडला गेलाय, आपण तो विसरलो इतकंच.

आणि आजीचा प्रश्न मला नीट कळला तो या एक्सेल शीटसमोर. आजी देशाच्या लोकसंख्येत मोजली जाणार. तिच्या डोक्यामुळे आमच्या भागाला आमदार, खासदार मिळणार. पण मत देणार मी, कारण माझ्याकडे डिग्री आहे. वादविवाद स्पर्धेत मी हेच मागितलं होतं. आजी गुलाम नाही, दोन्ही अन्याय एका मापाचे नाहीत, हे मला कळतं. पण हिशेबाची पद्धत तीच आहे. मोजायचं सगळ्यांना, बोलायचं थोड्यांनी.

विचार करायला नाही नेमलं

बरं, तो हिशेब बाजूला ठेवू. निदान ते इलेक्टर तरी स्वतंत्र बुद्धीने मत देत होते का?

पहिली निवडणूक १७८८-८९ ची. नॉर्थ कॅरोलायना आणि रोड आयलंड यांनी अजून घटनाच मंजूर केली नव्हती. न्यूयॉर्कच्या विधिमंडळातल्या दोन सभागृहांचं एकमत झालं नाही, म्हणून इलेक्टरच नेमले गेले नाहीत. राहिली दहा राज्यं. ६९ इलेक्टरनी मतं दिली आणि सगळ्यांनी वॉशिंग्टन यांचं नाव लिहिलं. इथे अडचण अशी की प्रत्येकाला दोन नावं लिहायची होती आणि पहिलं-दुसरं असा फरक करता येत नव्हता. सगळ्यांनी दुसरं नाव जॉन ॲडम्स यांचं लिहिलं असतं तर बरोबरी! म्हणून काही इलेक्टरनी दुसरं मत मुद्दाम भलतीकडे टाकावं, यासाठी आधीच निरोप गेले. ॲडम्स यांना ३४ मतं मिळाली. निरोप पाठवणारे कोण? हॅमिल्टन. तेच, ज्यांनी वर्षभरापूर्वी शांत डोक्याच्या स्वतंत्र इलेक्टरबद्दल लेख लिहिला होता.

१७९६ मध्ये वॉशिंग्टन बाजूला झाले आणि खरी लढत झाली. फेडरलिस्ट पक्षाचे ॲडम्स ७१, रिपब्लिकन पक्षाचे थॉमस जेफरसन ६८. (हा आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे, नावात फसू नका.) दुसरा आला तो उपाध्यक्ष, म्हणून अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष त्याच्या कट्टर विरोधी पक्षाचा. आपल्याकडे पहाटेचे शपथविधी पाहिलेल्या लोकांना यात नवल वाटणार नाही, पण तिकडे ही घटनेतच लिहिलेली व्यवस्था होती.

त्याच निवडणुकीत पेनसिल्व्हेनियातले सॅम्युअल माइल्स हे फेडरलिस्टांच्या यादीवरून निवडून आलेले इलेक्टर. त्यांनी मत दिलं जेफरसन यांना. चाळणीच्या सिद्धान्तानुसार माइल्स यांचं कौतुक व्हायला हवं होतं: पक्ष बाजूला ठेवून स्वतःच्या बुद्धीने मत देणारा माणूस. झालं उलटं. एका मतदाराने वर्तमानपत्रात संतापून पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा की ॲडम्स की जेफरसन हे माझ्या वतीने ठरवायला मी माइल्सला निवडलं का? त्याला विचार करायला नेमलेलं नाही, सांगितलं ते करायला नेमलंय.

घटना लागू होऊन दहा वर्षंही झाली नव्हती आणि चाळणीला पडलेलं भोक लोकांनीच दाखवून दिलं. त्यांना शहाणा मध्यस्थ नको होता, निरोप पोचवणारा हवा होता.

१८००

१८०० ची निवडणूक म्हणजे या यंत्राची खरी परीक्षा. आणि परीक्षेच्या आधीच सगळ्यांनी पेपर बदलायला घेतला.

व्हर्जिनियात १७९६ ला इलेक्टर जिल्ह्यांनुसार निवडले गेले होते. २१ पैकी २० जेफरसन यांना गेले, एक ॲडम्स यांना. तो एकही जाऊ नये म्हणून जानेवारी १८०० मध्ये व्हर्जिनियाने नियम बदलला: राज्यात ज्याला जास्त मतं, त्याला सगळे इलेक्टर. जेफरसन यांचा त्याला पाठिंबा होता. उत्तर म्हणून ॲडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सने मतदारांच्या हातून निवड काढून घेतली आणि विधिमंडळाकडे दिली. न्यूयॉर्कमध्ये ॲरन बर यांनी विधिमंडळाची निवडणूक पक्षाला जिंकून दिली. तेव्हा हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिलं: जुनं विधिमंडळ बोलावून घ्या, नियम बदलू. जे त्यांच्याच पक्षाचे. त्यांनी ते पत्र तसंच ठेवून दिलं आणि त्यावर शेरा मारला की पक्षाच्या सोयीसाठी असं काही करणं मला शोभणार नाही. त्या वर्षातला हा एक माणूस मला मनापासून आवडला. पेनसिल्व्हेनियात दोन सभागृहांचं भांडण इतकं ताणलं की शेवटी ८-७ अशी वाटणी झाली. १६ पैकी फक्त ५ राज्यांत इलेक्टर लोकांच्या मतांनी निवडले गेले.

निकाल: जेफरसन ७३, बर ७३, ॲडम्स ६५. जेफरसन यांनी अध्यक्ष आणि बर यांनी उपाध्यक्ष व्हायचं हे पक्षात ठरलेलं, पण एखाद्या इलेक्टरने बर यांचं एक मत कमी करायचं होतं ते कुणी केलंच नाही. १७८९ मध्ये ज्याची भीती होती ती बरोबरी अकरा वर्षांनी झाली.

प्रकरण प्रतिनिधीगृहात गेलं. ते गृह मावळतं होतं आणि तिथे फेडरलिस्टांचं बहुमत होतं, त्याच पक्षाचं जो नुकताच हरला होता. मतं उघडून मोजायची जबाबदारी सिनेटच्या अध्यक्षाची, म्हणजे उपाध्यक्षांची. उपाध्यक्ष होते जेफरसन. स्वतःच्या निवडणुकीची मोजणी स्वतःच!

११ फेब्रुवारी १८०१ ला मतदान सुरू झालं. जिंकायला १६ पैकी ९ राज्यं हवीत. जेफरसन ८, बर ६, दोन राज्यांत आतल्या आत बरोबरी. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मेरीलँडचे जोसेफ निकोल्सन तापाने फणफणलेले. त्यांना बर्फातून कॅपिटॉलमध्ये आणलं, शेजारच्या खोलीत खाट टाकली, आणि प्रत्येक फेरीला त्यांनी पडल्या पडल्या चिठ्ठी लिहिली. त्यांचं एक मत गेलं असतं तर मेरीलँड बर यांच्याकडे गेलं असतं. डेलावेअरचा तर एकच प्रतिनिधी होता, जेम्स बायर्ड. त्या एकट्याचं मत व्हर्जिनियाच्या १९ जणांच्या बरोबरीचं. राज्याराज्यांत मिलिशिया तयार ठेवल्याच्या बातम्या फिरत होत्या. १७ फेब्रुवारीला, छत्तिसाव्या फेरीला, काही फेडरलिस्टांनी माघार घेऊन कोरी मतं टाकली आणि जेफरसन निवडून आले. शपथविधी १५ दिवसांवर होता.

अमेरिकेत हे शांततेने झालेलं सत्तांतर म्हणून शिकवतात. ते झालंही. पण ते यंत्रामुळे झालं नाही. यंत्र अडकलं होतं, आणि मूठभर माणसांनी ऐनवेळी माघार घेतली म्हणून ते सुटलं.

आता माझं एक्सेल पुन्हा उघडतो. व्हर्जिनिया, साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि केंटकी या चार राज्यांनी आपले सगळे इलेक्टर जेफरसन यांना दिले. १७९० च्या आकड्यांनुसार गुलाम मोजले नसते तर या चार राज्यांचे अनुक्रमे ६, २, १ आणि १ इलेक्टर कमी झाले असते. एकूण १०. जेफरसन ७३ वरून ६३ वर, ॲडम्स यांच्या ६५ च्या खाली. बाकीची राज्यं अजून मोजलीच नाहीत. यावर आक्षेप घेता येतो. नियम वेगळे असते तर प्रचार वेगळा झाला असता, आणि पेनसिल्व्हेनियात लोकांनी मतं दिली असती तर जेफरसन यांना ८ पेक्षा बरेच जास्त मिळाले असते. मान्य. पण तेव्हाच्या विरोधकांनाही हा हिशेब कळत होता आणि ते तो उघड बोलून दाखवत होते.

त्याच वर्षी, १८०० च्या ऑगस्टमध्ये, व्हर्जिनियात रिचमंडजवळ गेब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने बंडाची तयारी केली होती. बेत फुटला. त्याच्यासकट दोन डझनांहून जास्त जणांना फाशी दिलं. हिशेबापुरती ती सगळी माणसं व्हर्जिनियाच्या २१ इलेक्टरमध्ये होती.

एक बग, एक पॅच

१८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती आली. तिने काय बदललं? अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांची मतं वेगळी केली आणि प्रतिनिधीगृहात जाणारी नावं पाचावरून तीनवर आणली. बस्स. बरोबरीचा बग गेला. इलेक्टर तसेच राहिले, एका राज्याला एक मत तसंच राहिलं, तीन-पंचमांश तसंच राहिलं. ते काढावं अशी मागणी मॅसॅच्युसेट्सकडून त्याच वर्षी आली होती, ती पुढे सरकलीच नाही. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं अध्यक्षपदावर व्हर्जिनियाचा गुलामधारक होता: वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. छोट्या राज्यांचं संरक्षण करायला ही पद्धत केली, असं आज सांगतात. दोन सिनेटरच्या भरीचा त्यांना फायदा झाला हे खरं, पण मलई गेली सगळ्यात मोठ्या राज्याला.

१८२४ ला राहिलेल्या बगने डोकं वर काढलं. अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ इलेक्टर, जॉन क्विन्सी ॲडम्स ८४, क्रॉफर्ड ४१, हेन्री क्ले ३७. बहुमताला हवे होते १३१. लोकांच्या मतांतही जॅक्सन पुढे. प्रतिनिधीगृहाने २४ पैकी १३ राज्यांच्या मतांनी ॲडम्स यांना निवडलं. क्ले त्या गृहाचे सभापती, त्यांनी ॲडम्स यांना मदत केली आणि नव्या सरकारात परराष्ट्रमंत्री झाले. पुढची चार वर्षं जॅक्सन यांनी हा सौदा देशभर गाजवला आणि १८२८ ला दणक्यात निवडून आले.

व्हर्जिनियाने १८०० मध्ये वापरलेली 'सगळे इलेक्टर एकालाच' ही युक्ती १८३६ पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून सगळ्या राज्यांनी उचलली. तिथे विधिमंडळच निवड करत राहिलं. ही युक्ती घटनेत कुठेच लिहिलेली नाही. टीव्हीवरचं अख्खं राज्य लाल किंवा निळं दिसतं ते तिच्यामुळे. म्हणजे आमचा सीनियर ज्या नकाशाकडे बोट दाखवून फाउंडिंग फादर्सचं कौतुक करत होता, तो नकाशा त्यांनी फिलाडेल्फियात आखलेलाच नव्हता.

"पण दोनशे वर्षं चाललंय ना?"

हा युक्तिवाद आम्ही इंजिनिअर लोक रोज करतो. कोड भयंकर आहे, पण चालतोय, हात लावू नका. चालतोय म्हणजे काय, हे कुणाच्या बाजूने बघता त्यावर आहे. १९६९ मध्ये प्रतिनिधीगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये काही सदस्यांनी चर्चा लांबवत नेऊन ती मारली. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की इलेक्टरने ठरलेल्या उमेदवारालाच मत द्यावं अशी सक्ती राज्यं करू शकतात. म्हणजे विचार करणारा इलेक्टर आता कागदावरसुद्धा उरलेला नाही.

मेसन यांच्या बाजूने एक गोष्ट मी मान्य करतो. १७८७ मध्ये रस्ते नव्हते, बातमी पोचायला आठवडे लागत. लांबच्या उमेदवाराची माहिती मिळणं खरंच कठीण होतं. पण माहिती कमी असेल तर उपाय माहिती पोचवणं हा असतो, मत काढून घेणं हा नाही.

आणि शिक्षणाची अट? तीही अमेरिकेने लावून पाहिली आहे. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, तीन-पंचमांश गेलं आणि कृष्णवर्णीय माणूस पूर्ण मोजला जाऊ लागला. म्हणजे दक्षिणेच्या जागा आणि इलेक्टर आणखी वाढायला हवेत, आणि वाढलेही. मग १८९० मध्ये मिसिसिपीने नव्या घटनेत अट घातली: मतदाराला घटनेतला भाग वाचता तरी यावा, नाहीतर ऐकून त्याचा अर्थ सांगता यावा. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार गोरा अधिकारी. इतर दक्षिणी राज्यांनीही अशाच चाचण्या आणल्या. कृष्णवर्णीय मतदार याद्यांमधून पुसले गेले, आणि १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत बहुतांश पुसलेलेच राहिले. या वेळी माणूस पूर्ण मोजला, मत मात्र शून्य.

शहाणपणाची परीक्षा घ्यायची ठरली की पहिला प्रश्न उरतो तो परीक्षक कोण हा. आणि परीक्षक नेहमी आधीपासून खुर्चीत बसलेला असतो.

आपल्याकडे १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला. तेव्हाही शिक्षण आणि मालमत्तेच्या अटी होत्या आणि मत मोजक्यांनाच होतं. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि त्याच सुमाराच्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींहून जास्त लोक मतदार होते. मेसन यांच्या हिशेबाने हे सगळे आंधळे.

सीनियरला हवी तशी चाळणीही आपल्याकडे आहे बरं का. विधानपरिषदेच्या ७८ पैकी ७ जागा पदवीधर मतदारसंघांच्या आहेत. मत फक्त पदवीधरांना. माझं नाव नोंदवायला आमच्या सोसायटीत कोण आलं? एका पक्षाचा कार्यकर्ता, फॉर्मचा गठ्ठा घेऊन. झेरॉक्सही त्यानेच काढून आणल्या. निवडून कुणाला द्यायचंय तेही जाता जाता सांगून गेला. आमच्या सगळ्यांच्या डिग्र्या त्याने गोळा केल्या आणि शहाणपणाबद्दल कुणाला काही विचारलं नाही.

पाचशेच्या नोटेचा राग मलाही आहे. पण वाटणाऱ्याला मोकळा सोडायचा आणि घेणाऱ्याचं मत काढायचं, हा कुठला न्याय?

आजी आता ८१ वर्षांची आहे. २०२४ च्या विधानसभेला काकाने तिला मोटारसायकलवर मागे बसवून मतदान केंद्रावर नेलं. कुणाला दिलंस, असं मी फोनवर विचारलं. म्हणाली, "तुला कशाला सांगू?"